क्रेडिट म्हणजे खिरापत नव्हे

दोन महिने झोपला होतास का रे? मुदत संपायला चार दिवस उरलेत, आणि माझ्यापुढे काय ठेवलंस? मोबाईलमधला गुणपत्रिकेचा फोटो! वर तक्रार, "मॅडम, नव्या विद्यापीठाने इंजिनिअरिंग ड्रॉइंगचे क्रेडिट धरले नाहीत, एम-टूचेही अडवलेत."

अडवले नाहीत, अभ्यासक्रमाची प्रत मागितली आहे. पत्रात स्पष्ट लिहिलंय. ते पत्र तू शेवटपर्यंत वाचलंस तरी का? समकक्षता समितीत मीही बसले आहे. तिथे तुझे 78 गुण कोणी विचारत नाही. कोणते घटक शिकलास, किती तास शिकलास, प्रात्यक्षिकं किती केलीस, हे बघतात. दोन्हीकडे एम-टूचं नाव 'गणित 2' असलं म्हणून आतला माल एकच असतो असं नाही.

म्हणे, एबीसीवर क्रेडिट दिसतात! दिसणारच. यूजीसीने 2021 मध्ये नियम केले आणि ही अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिटची बँक, उभी राहिली. पण तुझ्या खात्यात जमा किती, एवढंच ती सांगते. ती जमा नव्या अभ्यासक्रमातल्या कोणत्या विषयाच्या जागी बसवायची, हे घेणारं विद्यापीठ ठरवतं. खातं उघडलं म्हणजे काम झालं, असं तुला कोणी सांगितलं?

आता ड्रॉइंगकडे ये. एआयसीटीईच्या 2018 च्या नमुना अभ्यासक्रमात या विषयाला आठवड्याला एक तास व्याख्यान आणि चार तास प्रात्यक्षिक आहे. व्याख्यानाच्या तासाला एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाच्या तासाला अर्धा, असे मिळून तीन. म्हणजे तीनातले दोन क्रेडिट तुझ्या हाताच्या कामाचे. त्या तासांना तू काय केलंस? काचेखाली दिवा लावून मित्राची शीट उतरवलीस. तुम्ही त्याला जीटी, ग्लास ट्रेसिंग, म्हणता, मी चोरी म्हणते.

मघाशी टेबलावरचा डस्टर तुझ्यापुढे सरकवला आणि म्हटलं, याचा फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यू काढ. दहा मिनिटं नुसती पेन्सिल फिरवत बसलास. आपल्याकडच्या फर्स्ट अँगल पद्धतीत टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो, एवढंही सांगता आलं नाही. समजा, समितीने उद्या डोळे झाकून हे तीन क्रेडिट दिले. मशीन ड्रॉइंगच्या तासाला तुझ्या हाताला वळण कोण देणार? कागदावर चढलेला क्रेडिट हातात उतरला नसेल, तर तो तुला पुढच्याच सत्रात पाडणार.

वडिलांची बदली झाली, घर हललं, तुझी धावपळ झाली, हे मला समजतं. म्हणून तर ओरडते आहे. हुशार मुलांची अख्खी वर्षं निव्वळ आळसापायी वाया जाताना मी पाहिली आहेत. तुझं जाऊ देणार नाही.

उद्या सकाळी जुन्या कॉलेजात जा. ज्या वर्षी शिकलास त्याच वर्षीच्या अभ्यासक्रमाची प्रत घे आणि प्रत्येक पानावर सही-शिक्का घे. मूळ गुणपत्रिका, ना-हरकत पत्र आणि मायग्रेशनच्या अर्जाची पावती सोबत ठेव. मग बसून तक्ता कर. डावीकडे तू शिकलेला घटक, उजवीकडे त्यांचा, आणि शेवटी तासांची संख्या. जो घटक जुळत नाही तिथे 'जुळत नाही' असंच लिही. खोटी जुळवाजुळव समितीच्या नजरेतून सुटत नाही. एखादा पेपर नव्याने द्यायला सांगितला तर वाद न घालता दे.

आणि संध्याकाळी कोरी शीट घेऊन इकडे ये. डस्टर इथेच ठेवते. त्याचे तिन्ही व्ह्यू तू स्वतःच्या हाताने काढलेस, की समितीला पाठवायच्या तुझ्या तक्त्यावरून मी नजर फिरवीन. त्याआधी नाही.