यादीतील एक नाव : साक्ष आणि अमानत



अभ्यासासाठी मुलांच्या हाती मोबाइल द्यावाच लागतो, म्हणून आपल्यापैकी अनेकांनी घरातल्या इंटरनेटवर फिल्टर बसवून घेतला आहे. अश्लीलता, जुगार आणि फसवणूक यांची बरीचशी दारे त्यामुळे बंद होतात. हे योग्यच झाले. स्वतःला आणि आपल्या कुटुंबीयांना आगीपासून वाचविण्याचा जो आदेश सूरह अत्-तहरीममध्ये (६६:६) श्रद्धावंतांना दिला गेला आहे, त्याच्या कक्षेत आज ही दक्षताही येते.

परंतु बरे-वाईट फिल्टरला स्वतःला कळत नसते. त्याच्यामागे एक यादी असते. आपण एखादे संकेतस्थळ उघडू लागलो की त्याचे नाव त्या यादीत आहे की नाही एवढेच पाहिले जाते. असेल तर दार बंद. ही यादी तयार कोण करते? काही ठिकाणी कंपन्या करतात, काही ठिकाणी विद्यापीठे. फ्रान्समधील तुलूझच्या विद्यापीठाने तयार केलेली अशी यादी अनेक वर्षांपासून विनामूल्य उपलब्ध आहे. आणि पुष्कळ याद्या तुमच्या-आमच्यासारख्या सामान्य माणसांनी कळविलेल्या माहितीवर उभ्या आहेत. २००६ साली सुरू झालेल्या ‘फिशटँक’ या उपक्रमात बँकेचे सोंग घेणाऱ्या बनावट पानाचा पत्ता एकाने कळवावा, इतरांनी तो तपासून आपले मत द्यावे आणि पुरेशी मते जुळल्यावरच तो पत्ता फसवा ठरावा, अशी रीत होती.

माझ्या परिचयातील एका घरातली ही गोष्ट. त्या घरातील आईला आपल्या छातीत गाठ असल्याचे जाणवले. डॉक्टरकडे जाण्यापूर्वी थोडे वाचावे म्हणून तिने मोबाइलवर शोध घेतला. स्तनाच्या कर्करोगाविषयी माहिती देणारे पान उघडताच पडद्यावर पाटी आली : हे संकेतस्थळ अश्लील असल्यामुळे बंद आहे. ती बाई शरमेने पाणी पाणी झाली. तिने मोबाइल ठेवून दिला आणि कित्येक आठवडे कोणाजवळ शब्द काढला नाही. शेवटी मुलीच्या लक्षात आले व ती आईला दवाखान्यात घेऊन गेली. अल्लाहच्या कृपेने गाठ साधी निघाली. घरच्या कर्त्या पुरुषाला हे कळले तेव्हा त्याने संतापून फिल्टरच काढून टाकला. म्हणजे यादीतील एका चुकीच्या नोंदीने प्रथम एका भगिनीला गरजेच्या ज्ञानापासून रोखले, आणि नंतर त्या घरातील मुलांचे संरक्षणही गेले.

असे घडणे नवे नाही. १९९६ साली इंग्लंडमधील स्कनथॉर्प या गावच्या रहिवाशांना एका मोठ्या इंटरनेट कंपनीत खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावातील काही अक्षरे जुळून एक अश्लील शब्द तयार होत होता. यंत्राला अक्षरे दिसतात, अर्थ दिसत नाही. अर्थ पाहणारा माणूस मध्ये असावाच लागतो.

म्हणून हा विषय तंत्रज्ञांवर सोडून देण्याजोगा नाही, असे मला वाटते. ‘अमुक संकेतस्थळ फसवे आहे’ असे आपण कळवितो तेव्हा आपण एक साक्ष देत असतो. त्या साक्षीवर विसंबून हजारो अनोळखी घरांची दारे एखाद्यासाठी बंद होतात. साक्षीचे सारे नियम इथे लागू होतात.

सूरह अल-हुजुरातमधील सहावी आयत कोणत्या प्रसंगी अवतरली, हे बहुतेक भाष्यकारांनी नोंदविले आहे. बनू मुस्तलिक या कबिल्याने इस्लाम स्वीकारल्यावर प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी जकात गोळा करण्यासाठी वलीद बिन उक्बा यांना पाठविले. लोक समूहाने बाहेर आलेले पाहून ते घाबरले आणि वाटेतूनच परतले. ते लोक जकात देण्यास नकार देतात, आपल्या जिवावर उठले आहेत, असे त्यांनी सांगितले. प्रत्यक्षात ते लोक स्वागतासाठी निघाले होते! पडताळणी झाली म्हणून अनर्थ टळला. खबर आली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा पोहोचवाल व मागाहून पस्तावाल, ही शिकवण तेथून आपल्याला मिळाली. भीतीपोटी केलेला एक अंदाज संपूर्ण कबिल्याला शत्रूंच्या यादीत बसवीत होता, हे ध्यानात घ्या.

आपल्या हदीसशास्त्राने तर माणसांच्या याद्या ठेवण्याची विद्याच उभी केली. जरह व तादील, म्हणजे हदीस सांगणारा रावी विश्वसनीय आहे की नाही याची छाननी. ज्याची विश्वसनीयता मान्य झाली आहे अशा रावीविरुद्ध कारण न सांगता कोणी दोष ठेवला, तर अनेक विद्वान तो स्वीकारीत नसत. दोष कोणता आणि तो कशावरून कळला, हे सांगावे लागे. त्याहून बारीक गोष्ट अशी की त्यांनी काळाचाही हिशेब ठेवला. अता बिन साइब (रह.) यांची स्मरणशक्ती उतारवयात ढळली, म्हणून विद्वानांनी त्यांच्याकडून आधी कोणी ऐकले व नंतर कोणी, हे वेगळे केले. आधीचे स्वीकारले, नंतरच्याबाबत सावधगिरी बाळगली. संपूर्ण माणूस खोडून टाकला नाही.

संकेतस्थळांचेही असेच आहे. एखाद्या शाळेने नावाचे नूतनीकरण केले नाही की तेच नाव जुगारवाला विकत घेतो. एखाद्या प्रामाणिक दुकानदाराच्या संकेतस्थळात चोर शिरतात आणि तेथे बनावट पान ठेवतात; नाव यादीत जाते, आणि ते योग्यही असते. पण दुकानदाराने सारे स्वच्छ केल्यानंतरही ते नाव यादीत राहिले, तर त्याच्या रोजीवर अन्याय चालूच राहतो. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग असल्याचे प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले आहे. चुकीने बसलेली पाटी हीही रस्त्यातील त्रासदायक वस्तूच होय. तरीही वाईट नाव यादीत घालायला आपण धावतो, चांगले नाव बाहेर काढायला मात्र कोणी उठत नाही.

आता एक कटू गोष्ट. मसलकी मतभेदांच्या आवेशात दुसऱ्या गटाचे संकेतस्थळ ‘धोकादायक’ किंवा ‘अश्लील’ म्हणून शेकडो जणांनी मिळून कळवायचे, असे संदेश काही वेळा आपल्या तरुणांमध्ये फिरतात. त्यांचे मत आपल्याला पटत नसेल. त्याला उत्तर द्या. पण मतभेद म्हणजे अश्लीलता नव्हे, आणि इतर धर्मीयांचे संकेतस्थळ आपल्या श्रद्धेशी जुळत नाही म्हणून ते ‘फसवे’ ठरत नाही. कोणा समूहाच्या वैराने तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, असे सूरह अल-माइदा (५:८) बजावते. बटण दाबून दिलेली खोटी साक्ष ही खोटी साक्षच असते, आणि शंभर जणांनी मिळून दिल्याने ती खरी होत नाही.

कोणी विचारील, दुसऱ्याचा दोष कळविणे ही गीबत नव्हे काय? इमाम नववी (रह.) यांनी ज्या परिस्थितीत दुसऱ्याचा दोष सांगण्यास परवानगी असल्याचे लिहिले आहे, त्यांत लोकांना हानीपासून सावध करणे ही एक आहे. मात्र तिला मर्यादा आहे. अश्लील संकेतस्थळे कळविण्याच्या निमित्ताने ती शोधीत फिरू नका. नजर खाली ठेवण्याचा आदेश (२४:३०) सत्कार्याच्या नावाखाली सैल होत नाही. जे समोर आले तेवढे कळवा व बाजूला व्हा. बनावट पान खरेच फसवे आहे का हे पाहण्यासाठी त्यात आपला पासवर्ड किंवा ओटीपी टाकण्याचा मूर्खपणाही नको.

आणि हे काम आपल्याच वाट्याला का? परदेशात बसलेल्या स्वयंसेवकाला देवनागरी वाचता येत नाही. मराठीत किंवा उर्दूत स्वस्त उमराहचे आमिष दाखवून आगाऊ पैसे उकळणारे पान, तत्काळ कर्जाचे जाळे, सट्ट्याची जाहिरात त्याच्या नजरेतून सुटते. आणि आपल्या भाषेतील आरोग्याचे किंवा फिक्हचे निर्दोष पान चुकून अडले तर तेही त्याला कळत नाही. ते आपल्यालाच वाचता येते. पैसे गेलेच असतील तर यादीची वाट न पाहता ताबडतोब १९३० या क्रमांकावर सायबर तक्रार नोंदवावी, हे वेगळे सांगायला नको.

कळविताना ‘साइट बेकार आहे’ एवढ्याने भागत नाही. संपूर्ण पत्ता, पाहिल्याची तारीख, काय दिसले आणि शक्य असल्यास पडद्याचे चित्र द्यावे. जे पाहिले नाही ते लिहू नये.

वर सांगितलेल्या घरातील मुलीने नेमके हेच केले. फिल्टर पुरविणाऱ्यांना तिने चार ओळी लिहिल्या : हा पत्ता, ही तारीख, हे पान रोगाची माहिती देते, यात अश्लील काही नाही. काही दिवसांनी ते पान खुले झाले. वडिलांनी फिल्टर पुन्हा सुरू केला. मुलगी आता एका वहीत कळविलेल्या प्रत्येक नावापुढे तारीख लिहून ठेवते आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पाहते. मागच्या वेळी तिनेच ‘फसवे’ म्हणून कळविलेले एका दुकानाचे संकेतस्थळ दुरुस्त झालेले तिला आढळले. त्याचे नाव यादीतून काढावे असे पत्र तिने त्याच दिवशी पाठविले.