लिलावातले घर आणि पैशाची तयारी

वृत्तपत्रातील बँकेच्या लिलावाची जाहीर सूचना वाचताना आपली नजर प्रथम राखीव किमतीवर जाते. बाजारभावाहून स्वस्त घर मिळत असेल, तर भाड्याच्या खोलीत मुले वाढवणाऱ्या कुटुंबाच्या त्या ओढीला नुसता मोह म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच सूचनेत कर्जदाराचे नाव आणि थकबाकीचा आकडाही छापलेला असतो. ते नाव वाचून मन क्षणभर अडखळते. हे घर घेणे आपल्याला शोभते काय?

लिलाव मुळात निषिद्ध नाही. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात ह. अनस (रजि.) यांच्याकडून आलेली हकीकत प्रसिद्ध आहे. मागायला आलेल्या एका अन्सारी गृहस्थाच्या घरातील जाडेभरडे कापड आणि पाण्याचा वाडगा प्रेषितांनी (स.) स्वतः बोलीवर विकला. एकाने एक दिरहम देऊ केला, दुसऱ्याने दोन. ते दोन्ही दिरहम त्या गृहस्थाच्या हाती आले. एकाचे अन्न झाले, दुसऱ्याची कुऱ्हाड, आणि लाकडे विकून पंधरा दिवसांत त्याने दहा दिरहम मिळवले. वाढलेली बोली तेथे गरजवंताच्याच पदरी पडली, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे बँका थकीत गृहकर्जापोटी घरे विकतात ती बहुधा २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये. त्यातही देणी आणि खर्च भागून काही उरले, तर ते कर्जदाराला परत करावयाचे असते. म्हणून इच्छुकांनी आधीच आपसात भाव ठरवणे, एकाने पैसे घेऊन माघार घेणे, याला चातुर्य म्हणू नये. तो बेघर होणाऱ्याच्या खिशात घातलेला हात आहे. खोट्या बोलीने भाव फुगवणे, म्हणजे नजश, हदीसने निषिद्ध केले आहे. भाव पाडण्याचा कटही मी त्याच पंक्तीत बसवतो.

आता पैशाकडे वळू. बोलीपूर्वी इसारा भरावा लागतो, बहुधा राखीव किमतीच्या १० टक्के. बोली मान्य होताच त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, इसाऱ्यासह २५ टक्के पूर्ण करावे लागतात. विक्रीला पुष्टी मिळाल्यापासून १५ दिवसांत उरलेले ७५ टक्के. लेखी संमतीने मुदत वाढू शकते, पण एकूण ३ महिन्यांपलीकडे नाही. आणि चुकल्यास भरलेली रक्कम जप्त होते. ४० लाखांच्या घराला म्हणजे आधी १० लाख, मग ३० लाख. मुद्रांक शुल्क आणि सोसायटीची थकबाकी वेगळी.

ज्याच्याजवळ बारा लाख आहेत आणि बाकीच्यांसाठी ‘अल्लाह मालिक आहे’ म्हणत जो बोली लावतो, त्याने तवक्कुलचा अर्थ उलटा घेतला. उंट बांधायचा असतो, हे आपण मुलांना शिकवतो! मुदत संपत आली की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: दहा लाख सोडणे किंवा व्याजी कर्ज. मग तो मजबुरीचा फतवा मागत मशिदीत येतो. ही मजबुरी त्याच्यावर कोसळलेली नसते. बोलीच्या दिवशी त्याने ती स्वतः पत्करलेली असते. ज्या व्याजाखाली पहिले कुटुंब दबले, तेच आता दुसऱ्या कुटुंबाच्या गळ्यात पडते. भिंती त्याच राहतात.

म्हणून हिशेब इसाऱ्याआधीच पूर्ण हवा. दागिने विकायचे असतील तर ते आधी विकावेत. भाऊ किंवा मामू कर्जे-हसना देणार असतील, तर नुसता होकार पुरेसा नाही. रक्कम खात्यात यावी, आणि सूरह बकराच्या २८२ व्या आयतीच्या आदेशाप्रमाणे लिखापढी व साक्षीदार व्हावेत. भावंडे भागीत घेणार असतील तर प्रत्येकाचा हिस्सा कागदावर यावा. एवढे जमत नसेल, तर ते घर सध्या आपले नाही.

अडचणीतील ऋणकोला सवड देण्याचा आदेश धनकोला आहे, खरेदीदाराला नाही, हे मान्य. तरीही दिवाळखोराच्या राहत्या घराविषयी फकीहांनी केलेली चर्चा पाहा. हंबली मताने गरजेचे घर विकूच नये. इमाम मालिक आणि इमाम शाफई यांच्या मते विकावे, पण त्याला भाड्याचे घर पाहून द्यावे. माणूस उघड्यावर पडावा, असे दोन्हीकडे कोणी म्हणत नाही. तेव्हा बोलीपूर्वी एकदा त्या दारी जाऊन या. कोणी राहत असेल, तर सामान हलवायला किती दिवस लागतील ते विचारा, आणि टेम्पोचे भाडे आपल्या हिशेबात धरा.