अंडी धरलेली कुर्ली

(शास्त्रपाठ : अनुवाद 22:6-7)

मोशेच्या नियमशास्त्रात पक्ष्याच्या घरट्याविषयी एक लहानसा नियम आहे. वाटेने जाताना घरटे दिसले, त्यात पिले किंवा अंडी असली आणि आई त्यांवर बसलेली असली, तर पिले घ्यावी, पण आईला जाऊ द्यावे. यहूदी गुरूंनी ही फार हलकी आज्ञा मानली, कारण ती पाळण्यास खर्च जवळजवळ काहीच येत नाही. तरी तिच्याबरोबरचे वचन पाहा : पाळणाऱ्याचे बरे होईल व त्याचे दिवस वाढतील. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेला (अनुवाद 5:16) जे वचन आहे तेच येथेही आहे. एवढ्याशा गोष्टीला एवढे मोठे वचन का? हा प्रश्न घेऊन आम्ही या महिन्यात रानात नव्हे, तर मासळीबाजारात जात आहोत.

हुबळीच्या दुर्गदबैलात बाजारहाट करणाऱ्यास समुद्र दिसत नाही. तो घाटाखाली, दीडशे किलोमीटरांहूनही दूर, कारवारास आहे. बर्फातली मासळी अंकोल्यावरून आरबैल घाट चढून येल्लापुरामार्गे वर येते. गिऱ्हाईक टोपली पाहते, भाव करते, घरी जाते. मासळी कोठून व कशी आली हे तिने विचारावे, अशी कोणाची अपेक्षा नसते.

एप्रिल-मेच्या दिवसांत काळी नदीच्या मुखाशी पाणी संथ आणि अधिक खारट असते. कोणी गळ टाकतो, कोणी पाग फेकतो. कड्याला जाळे बांधून मध्ये माशाचे डोके अडकवतात व ते तळाशी सोडतात. कुर्ली आमिषाला चिकटली की दोरी ओढायची, पण झटका देऊन नव्हे, नाहीतर ती सुटून जाते. खारफुटीच्या चिखलात बिळे करून राहणारी मोठी काळपट कुर्ली वेगळी, समुद्रातली पोहणारी वेगळी. नांग्या दोरीने बांधून ती जिवंतच विकतात, कारण मेलेली कुर्ली लवकर बिघडते.

कुर्ली उलटी करून पाहावी. पोटावरची झडप अरुंद व टोकदार असली तर नर, रुंद असली तर मादी. मादीच्या कवचाच्या आत केशरी गाभोळी असते, तिच्यासाठी खवय्ये जास्त दाम मोजतात. परंतु काही माद्यांच्या झडपेबाहेर अंड्यांचा गुच्छच लोंबत असतो. तो आधी पिवळा-केशरी असतो, मग आतल्या जिवांना डोळे फुटू लागले की काळपट होत जातो. एका गुच्छात लाखो अंडी असतात. ती बाहेर असल्यामुळे खाण्यास फारशी कामाचीही नसतात. पुष्कळ घरी ती खरवडून टाकून देतात.

येथे मोशेचा नियम आपल्याला अडवतो. घरट्यातून पिले घेऊन आईला सोडता येते. कुर्लीचे तसे नाही. आई घेतली की अंडी गेलीच. म्हणून येथे दोघांनाही सोडणे एवढाच मार्ग उरतो.

कोणी म्हणेल, लेवीय 11 प्रमाणे पंख व खवले नसलेला जलचर अशुद्ध, मग कुर्लीला नियमशास्त्राचा आधार कशाला? पेत्राला यापोच्या धाब्यावर चादरीचा दृष्टान्त झाला (प्रेषितांची कृत्ये 10), तेव्हापासून खाण्याच्या बाबतीत आपण मोकळे आहोत. पण जे खाण्यास अशुद्ध ठरले होते ते देवाला नकोसे होते, असे शास्त्र कोठेच म्हणत नाही. स्तोत्र 104 समुद्रातील लहानमोठ्या अगणित जीवांना त्याच्याच हाताकडे पाहणारे म्हणते.

आणि बंधुभगिनींनो, हा नियम पारध्याला सांगितलेला नाही. ज्याला वाटेत घरटे सहज सापडले, त्या वाटसरूला सांगितला आहे. बाजारात टोपलीपुढे उभे राहणारे आपण तेच वाटसरू आहोत. अंडी धरलेली मादी कोणी घेईनासे झाले, तर ती घाट चढून येणार नाही. कोळ्यावर ठपका ठेवणे सोपे आहे, पण तो विकली जाणारीच वस्तू आणतो.

1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा समुद्राचा विसावाच आहे. जमिनीला सातव्या वर्षी विसावा द्यावा असे परमेश्वराने सांगितले, तेव्हा लोक विचारतील, मग आम्ही खावे काय, हेही त्याने ओळखले होते (लेवीय 25:20). तो प्रश्न त्याने हसण्यावारी नेला नाही. त्याचे उत्तर दिले. आज हाच प्रश्न नावेवरचे खलाशी आणि धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या बाया विचारतात. केंद्र व राज्य सरकारांची बचत व साहाय्य योजना आहे, तीत मच्छीमार स्वतःही थोडी रक्कम भरतो. पण धक्क्यावर रोजाने काम करणारीची बचत ती काय असणार? विसावा सर्वांच्या हिताचा आणि उपास मात्र तिचा, हे लेवीयातल्या विसाव्यात बसत नाही.

किनाऱ्यावरील मंडळ्यांना ही कुटुंबे नावानिशी ठाऊक असतात. घाटावरच्या मंडळ्यांनी त्यांना विचारून जूनच्या अर्पणातील काही भाग तिकडे पाठवावा, असे आम्ही सुचवतो. पाठवायचे तर ते जूनमध्येच पाठवावे. ऑगस्ट उजाडला की नावा पुन्हा बाहेर पडतात आणि आरबैल घाटातून मासळीच्या गाड्या वर येऊ लागतात.