ढासळत्या वीजदाबाचा साक्षी

वीज पूर्ण गेली तर मायक्रोप्रोसेसर नुसता थांबतो. खरा धोका ती अर्धवट असते तेव्हा. रब्बीत विदर्भातल्या वलगावसारख्या गावी एकाच डीपीवरचे पंप एकदम सुरू झाले, की लाइन डिम होते. २३० व्होल्टच्या जागी बराच कमी दाब पोचतो. बल्ब मंदावतो, मोटर घुमते आणि जळतेही. प्रोसेसर मात्र मंदावत नाही, चुकतो. ५ व्होल्टच्या चिपला ३ व्होल्ट मिळाले, तर ती एक सूचना वाचून भलतीच अमलात आणू शकते, कायम स्मृतीत चुकीचे आकडे लिहू शकते. आपण चुकतो आहोत हे तिला कळत नाही, कारण तपासणारी बुद्धीही त्याच उतरलेल्या दाबावर चालते.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६२ व ६३) माणसाची अशीच घसरण सांगितली आहे: क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश. या पायऱ्या उतरणाऱ्याला दिसत का नाहीत? अद्वैत वेदान्ताचे उत्तर असे, की जे बदलते ते स्वतःचा बदल जाणू शकत नाही. जाणणारा त्याहून वेगळा, न बदलणारा हवा. त्याला साक्षी म्हणतात.

विद्युतशास्त्राने हेच निराळ्या वाटेने गाठले. पूर्वी रीसेटसाठी एक रोध आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरेसा मानत. वीज आली की कपॅसिटर भरेपर्यंत प्रोसेसर थांबून राही. पण दाब क्षणभरच खाली गेला तर कपॅसिटर रिकामा होत नाही आणि रीसेटही होत नाही. त्या जोडणीला आरंभाचे भान होते, मध्येच आलेल्या ग्लानीचे नव्हते. म्हणून वेगळी देखरेख-चिप आली. तिच्यात सुमारे १.२ व्होल्टचा संदर्भ-दाब असतो. पुरवठा हलला तरी तो जवळजवळ हलत नाही. त्याच्याशी तुलना करून पुरवठा, समजा, ४.६३ व्होल्टखाली गेला की ती प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवते. दाब परतल्यावरही साधारण २०० मिलिसेकंद सोडत नाही. ताप उतरला तरी दिवसभर पथ्य पाळावे, तसे. अर्धवट भानातल्या कृतीपेक्षा थांबणे बरे, हा यातला निर्णय तांत्रिक तितकाच नैतिक आहे.

वेदान्तातला साक्षी मात्र केवळ पाहतो, कर्ता होत नाही. चिप हस्तक्षेप करते. त्या अर्थाने ती संत गाडगेबाबांच्या अधिक जवळची. २० डिसेंबर १९५६ रोजी याच वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी त्यांचे देहावसान झाले. दिवसा हातात खराटा घेऊन ते गाव झाडत, रात्री कीर्तनात कर्ज, दारू, पशुबळी यांवर श्रोत्यांनाच प्रश्न विचारत आणि पुढच्या गावी निघून जात. गावाच्या मानपानात त्यांचा वाटा नव्हता, म्हणून गावाची घसरण त्यांना मोजता येई. तरी माणसाला बळाने थांबवता येत नाही. प्रश्न विचारून त्याचे त्यालाच थांबू द्यावे लागते, आणि हे काम कोणत्याही रीसेटपेक्षा अवघड आहे.

उपमा आणखी एका ठिकाणी तुटते. साक्षी स्वयंप्रकाश मानला आहे. देखरेख-चिप त्याच पुरवठ्यावर जगते. दाब सुमारे १ व्होल्टच्याही खाली गेला, की तिच्या शब्दाचीही खात्री उरत नाही. तेवढ्या पट्ट्यासाठी रीसेटच्या तारेपासून जमिनीपर्यंत १०० किलोओहमचा एक रोध जोडतात. तो काही मोजत नाही, काही जाणत नाही. तार शून्यावर ओढून धरतो, आणि त्याला स्वतःला वीज लागत नाही.