आधी तारण, मग काम

आजचे वचन: इफिसकरांस 2:8-10

आमच्या केदारखेड्यात तारण म्हटलं की कर्जासाठी बँकेकडे ठेवलेली जमीन. आधी तारण द्या, मग पैसे. देवाकडे ठेवण्यासारखं आपल्याजवळ काहीच नव्हतं. तेव्हा ख्रिस्ताने स्वतःलाच दिलं.

1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या. त्यांच्यासाठी केडगावला उभं राहिलेलं घर म्हणजे ‘मुक्ती’. आधी भाकरी नि निवारा. मग अक्षरं, विणकाम, छपाई. वचनातला क्रमही हाच: कृपेने तारण, मग सत्कृत्यं.

ऑफिसात रेटिंगसाठी धावताना हे आठवू या. आपण चांगलं वागतो ते तारण मिळावं म्हणून नव्हे, मिळालंय म्हणून.

प्रभू, आज ज्याला हात हवाय त्याच्याकडे मला पाठव. आमेन.