गुहागरच्या बाजारात जे मिळत नाही

चि. सोनू,


तू पाठवलेली सामानाची यादी दोनदा वाचली. पुण्याहून ताम्हिणी उतरून श्रीवर्धन, तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली तेरेखोलपर्यंत, रोड बाईकवर, डिसेंबरात, आणि मागे सामानाची गाडी नाही. बेत मला मनापासून आवडला. यादी मात्र पटली नाही. तिच्यात शाम्पूची बाटली आहे, बिस्किटांचे पुडे आहेत, जीन्स आहे, सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं आहेत. मागच्या डिरेल्यूरचा हँगर मात्र नाही.

यादी पुन्हा कर. प्रत्येक वस्तूसमोर थांब आणि स्वतःला विचार, ही मला गुहागरच्या बाजारात मिळेल का? मिळणार असेल तर ती पुण्यातून ओढून न्यायची नाही. श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला, अशी बाजारपेठेची गावं तुझ्या वाटेवर सतत आहेत. साबण, पॅड, क्रोसिन, केळी, चिक्की, खोबरेल तेल, चप्पल, छत्रीसुद्धा तिथं मिळते. पिशवीतली जागा ठेवायची ती तिथं मिळणार नाही त्या गोष्टींसाठी.

मिळणार नाही ते काय, तर मुख्यतः तुझ्या सायकलचं सामान. तिकडच्या सायकलच्या दुकानात साध्या काळ्या सायकलींचं आणि लहान मुलांच्या सायकलींचं सामान असतं. तुझं चाक पाहून दुकानदार चांगल्या मनानं ‘अठ्ठावीसचं आहे’ म्हणून टायर काढून देईल, पण तो बसणार नाही. त्या २८ इंची टायरचा रिमवर बसायचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो, तुझ्या ७०० सीच्या रिमचा ६२२. तेव्हा एक घडी घालता येणारा टायर तू आणि तुझी मैत्रीण, दोघींत मिळून घ्या आणि ट्यूब प्रत्येकी दोन. तुमच्या दोघींचे टायर एकाच मापाचे असतील तरच ही वाटणी चालेल, हे आधी बघून घे.

तुझ्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह आहे. पेट्रोल पंपावरची किंवा पंक्चरवाल्याची हवा तिच्यात थेट जात नाही. त्यासाठी करंगळीच्या नखाएवढं पितळी अडॅप्टर मिळतं. ते घे, आणि हरवू नये म्हणून निघतानाच एका व्हॉल्व्हवर चढवून ठेव. गॅसची काडतुसं मात्र नेऊ नकोस. ती संपली की हातात काही उरत नाही. छोटा हातपंप मरेपर्यंत चालतो. टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा कापून घे, पंक्चरचे पॅच आणि सोल्यूशन घे. सोल्यूशनची ट्यूब नवी घे, एकदा उघडलेली आतल्या आत वाळते.

आता हँगरबद्दल. गिअर बदलणारा मागचा डिरेल्यूर फ्रेमला ज्या लहानशा तुकड्यानं जोडलेला असतो तो मुद्दाम मऊ अॅल्युमिनियमचा करतात, म्हणजे धक्का बसला की तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. सायकल उजव्या अंगावर पडली, फेरीबोटीत कुणाची मोटरसायकल तिच्यावर कलली, एसटीच्या टपावर गोण्यांखाली दबली, की तो वाकतो. वाकलेला हँगर सपाटीवर जाणवतही नाही. चढावर सर्वांत हलका गिअर टाकलास की डिरेल्यूर स्पोकमध्ये जातो आणि मग सगळंच तुटतं. हँगरचा आकार फ्रेमप्रमाणे बदलतो. मैत्रिणीचा तुला चालणार नाही, आणि रत्नागिरीतही तो मिळेल अशी आशा धरू नकोस.

त्याच्या जोडीला चेनचा क्विक लिंक घे, तुझ्या चेनच्या स्पीडचाच, कारण दहाचा अकराला बसत नाही. चेन तोडायचं हत्यार, गिअरची एक केबल, ब्रेक पॅडची एक जोडी, आणि मागच्या चाकाचे बरोबर लांबीचे दोन स्पोक, चेनस्टेला टेपनं चिकटवून. स्पोक तुटतो तो बहुधा मागचा, गिअरच्या बाजूचा. तिथं ताण जास्त असतो आणि सामानाचं वजनही मागेच येतं. तो बदलायचा तर कॅसेट काढावी लागते आणि ते रस्त्यावर होत नाही; पण शेजारचे स्पोक थोडे सैल-घट्ट करून चाक फिरतं ठेवता येतं आणि पुढच्या गावात हात चालणारा मिस्त्री सापडतो. त्याच्याकडे कौशल्य असतं, तुझ्या मापाचा स्पोक नसतो. स्पोक-की विसरू नकोस. मल्टिटूलमधला प्रत्येक पाना घरीच तुझ्या सायकलच्या प्रत्येक स्क्रूला लावून बघ. डिस्कच्या स्क्रूला लागणारा टॉर्क्स टी २५ अनेक स्वस्त हत्यारांत नसतो.

वजनाबद्दल मी इतकी कडक का, ते कोकणचा रस्ता सांगेल. नकाशात तो समुद्राकाठचा, सपाट दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीशी तू समुद्रसपाटीला उतरणार आणि पलीकडे लगेच जांभ्याच्या सड्यावर चढणार, दिवसातून तीन-चार वेळा. वेसवीला फेरीबोटीतून उतरलीस की चढ, धोपाव्याहून चढ, जयगडच्या धक्क्यावरून चढ. हे चढ लहान असतात पण उभे असतात, ताम्हिणीसारखे लांब आणि दमादमानं घेण्याजोगे नसतात. पाणी सोडून सगळं सामान ५ ते ६ किलोत बसव. घरच्या वजनकाट्यावर ठेव, अंदाज करू नकोस.

पाठीवर सॅक नको. तिचं सगळं वजन बुडावर येतं, खांदे धरतात आणि घामानं पाठ सोलते. तुझ्या सायकलला कॅरिअरची भोकं नाहीत, आणि कार्बनच्या सीटपोस्टवर कॅरिअर आवळायचं नाही. तेव्हा सीटखालची लांब पिशवी, फ्रेममधली पिशवी आणि हँडलवरची छोटी पिशवी, एवढंच. हत्यारं, ट्यूब, पॉवर बँक अशा जड वस्तू फ्रेममध्ये, खाली. कपडे सीटमागे, घट्ट दाबून. पिशवी सैल राहिली तर उभं राहून पेडल मारताना ती डावी-उजवीकडे झोके घेते आणि मांड्यांना घासते. हँडलवरच्या पिशवीनं केबल दाबल्या जात नाहीत ना, हँडल पूर्ण वळतं ना, हे बघ. आणि एक गोष्ट हमखास सुटते: मागची पिशवी सीटपोस्टवरचा लाल दिवा झाकते. दिवा पिशवीच्या पट्ट्याला किंवा सीटस्टेला लाव. डिसेंबरात सव्वासहाच्या सुमारास अंधारायला लागतं आणि सड्यावर रस्त्याला दिवे नसतात. पुढचा दिवा रस्ता दिसेल एवढा हवा, नुसता लुकलुकणारा नको.

कपडे तुझ्या यादीच्या निम्मे. सायकलिंगच्या दोन जोड्या, एक अंगावर, एक धुतलेली. पॅडच्या शॉर्टखाली आतले कपडे घालायचे नाहीत, शिवणीच घासतात. संध्याकाळसाठी एक पातळ सलवार आणि कुर्ता. हरिहरेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर, सगळीकडे देवळात तोच चालेल आणि खानावळीतही. जीन्स काढून टाक. किनाऱ्याच्या दमट हवेत सुती जाड कपडा रात्रीत वाळत नाही. टर्किश टॉवेलऐवजी पंचा घे. धुतलेले कपडे पंच्यात गुंडाळून पिळले की निम्मं पाणी तिथंच जातं आणि सकाळी ते घालण्याजोगे होतात. मांड्या घासायला लागल्या तर पहिल्याच दिवशी व्हॅसलिन लाव, सोसत बसू नकोस. पाळीची तारीख जवळ असली तर एका दिवसापुरते पॅड पुरेत, पुढचे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतील. कप वापरत असशील तर अधिक चांगलं.

खाण्याबद्दल मी गुहागरच्या प्रश्नाला एक अपवाद करते. बाजारपेठेतली बरीच दुकानं दुपारी जेवणवेळेपासून चारेक वाजेपर्यंत बंद असतात, आणि सड्यावर मैलोगणती टपरीही नसते. म्हणून एका वेळचं खाणं कायम पिशवीत असलं पाहिजे. दशम्या, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, खजूर. संपलं की पुढच्या गावात भर. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, आणि खाडीवरून वर चढण्याआधी दोन्ही भरलेल्या. डिसेंबरातही तिकडे दुपारी पारा तिशी ओलांडतो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. पाऊण लिटरच्या बाटलीत ते सगळं ओतू नकोस, मीठ जास्त होतं.

रोख पैसे ठेव, सुट्टे. खाडीच्या तळाला नेटवर्क जातं आणि मग फोनवरून पैसे देता येत नाहीत. वाटेत बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड आणि शेवटी तेरेखोलहून केरी अशा फेरीबोटी लागतील. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घे. आधार कार्ड मूळ. जुनी ट्यूब कापून केलेल्या चार लांब पट्ट्या घे. सायकल एसटीच्या टपावर किंवा टेम्पोत बांधायला त्यांच्यासारखं काही नाही. सायकलच थकली तर एसटी आहे, आणि थोडं आत गेलीस की कोकण रेल्वे. खरचटल्यावर लावायला आयोडिन, गॉज आणि एक क्रेप बँडेज. साबणाची छोटी वडी मात्र पिशवीत राहू दे. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात लस घ्यायची.

ताईला, म्हणजे तुझ्या आईला, मागे गाडी नसल्याची काळजी वाटते, ते स्वाभाविक आहे. तिला सांग, १९२३ साली मुंबईतून काही पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले आणि त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा १९२८ मध्ये फेरी पूर्ण करून परतले. त्यांच्यामागेही गाडी नव्हती. तू तर खानावळीपासून खानावळीपर्यंत चालली आहेस, रोज संध्याकाळी तिला फोन करणार आहेस. तो नेमानं कर.

निघण्याच्या आधीच्या रविवारी सगळं सामान लावून बोपदेव घाट चढ आणि उतर. उतारावर सायकल सामानासकट कशी थांबते ते कळेल, सैल झालेला पट्टा कळेल, कुठे काय घासतं ते कळेल. घाटमाथ्यावर मुद्दाम मागचं चाक काढ, ट्यूब बदल, त्याच पंपानं हवा भर. ते तिथं जमलं नाही तर वेळणेश्वरच्या चढावर भर उन्हात जमणार नाही.

आणि हँगर आजच मागव. फ्रेमचं मॉडेल सांगून तो मागवावा लागतो आणि यायला वेळ लागतो. बाकीची यादी नंतर पाठवलीस तरी चालेल.

तुझी,
मावशी