तलावाचा काठ

भंडारा-गोंदियाकडचा जुना तलाव पाळीवर उभं राहून बघू नये. पलीकडे, पाणी येतं त्या बाजूला जावं. तिथं जमीन इतकी हळू उतरते, की पाणी कुठं सुरू झालं ते पाय ओला झाल्यावरच कळतं. घोटाभर पाण्यात देवधान, गुडघ्याच्या पुढं कमळ, त्याहून आत पाण्याखालची हिरवी दाटी. मासे अंडी घालतात ते याच उथळ पट्ट्यात, पिल्लं लपतात ती याच दाटीत, आणि पाखरं चरतात तीही इथंच. तलावाचा जीव या काठाला असतो.

गोंड राजवटीत कोहळी समाजानं बांधायला घेतलेले हे तलाव पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक आहेत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारांची जमीनदारी संपली, त्यांच्याकडचे तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी, म्हणून ‘मामा तलाव’. मालक बदलला आणि देखभालीला धनी उरला नाही. काठ बेशरमच्या झुडपांनी व्यापला, आटलेल्या पोटात अतिक्रमणं आली, धानाच्या बांध्यांतून खतं-औषधं उतरली. उत्पन्न वाढावं म्हणून कटला-रोहूचं बीज सोडलं, कुठं गवत्याही. गवत्या नावाप्रमाणं पाणवनस्पतीच खातो. मग मरळीसारख्या देशी माशानं घरटं करायचं कुठं?

पण मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती चांगल्या हेतूनं आलेल्या जेसीबीची. गाळ काढायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. मात्र साठा वाढवायच्या नादात उतार खरवडून तलावाचा सरळ भिंतींचा हौद केला, की पाणी वाढतं आणि काठ मरतो. किती घनमीटर माती निघाली याची नोंद होते. देवधान गेलं, हे कुठंच लिहिलं जात नाही.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढिवर मासेमारांनी वेगळी वाट दाखवली. बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात कोरड्या पोटात नांगर फिरवला, आणि पावसानंतर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या वनस्पती हातानं लावल्या. या कामात बायका पुढं होत्या. देशी मासे परतले, पाखरंही आली. कुठली वनस्पती कोणत्या मातीत, किती पाण्यात धरते, हे ज्ञान त्यांच्या घराघरांत होतंच.

तुमच्या गावच्या तलावात यंदा यंत्र उतरणार असेल, तर अंदाजपत्रक होण्याआधी ढिवरांना बोलवा, आणि पाणी येतं त्या बाजूचा उतार तेवढा आहे तसा राहू द्या.